पैनगंगेकाठच्या मुलांचा समुद्र

समुद्र न पाहिलेले मूल आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात शोधावे लागत नाही. पाहिलेलेच शोधावे लागते. नकाशावर फूटपट्टी ठेवली, तर मुंबईचा किनारा आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर दूर आहे. पूर्वेचा किनारा त्याहून काहीसा जवळ. पण तोही सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याजोगा नव्हे. समुद्राला नेमाने जाते ते आपल्या पैनगंगेचे पाणी. ते वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी ते सारे बंगालच्या उपसागराच्या स्वाधीन करते. पाण्याला जे साधते ते मुलांना सहसा साधत नाही.

तरीही समुद्र आपल्या घरांत नाही, असे म्हणता येणार नाही. देवघरातला शंख हे एका मोठ्या समुद्री गोगलगाईचे घर. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या असे शंख समुद्रतळावरून वर काढीत आले आहेत. गोंधळ्याच्या गळ्यातील माळेची कवडी हीदेखील एका समुद्री गोगलगाईचेच कवच. मालदीवसारख्या बेटांवरून गलबतांत भरून आलेल्या कवड्या आपल्या देशात शतकानुशतके नाणे म्हणून चालल्या. आपण एखादी वस्तू ‘कवडीमोल’ ठरवतो, कोणाला ‘फुटकी कवडी’ही देत नाही आणि कंजुषाला ‘कवडीचुंबक’ म्हणतो, ती सारी त्या जुन्या व्यवहाराची आठवण.

ही कवडी आपल्या मुलाच्या तळहातावर ठेवावी आणि विचारावे, “या घरात कोण राहत होते?” मूल गोंधळले तर त्याला सांगावे, की जिवंतपणी हा प्राणी आपल्या शरीराची मऊ झालर दोन्ही बाजूंनी बाहेर काढून कवचावर पांघरतो आणि त्याच झालरीतून कवचावर थर चढवतो; म्हणून कवडी इतकी गुळगुळीत व तकतकीत. शंख कानाला लावला की समुद्राची गाज ऐकू येते, असेही आपण मुलांना सांगतो. ती गाज समुद्राची नसते. आपल्या भोवतीचेच बारीकसारीक आवाज शंखाच्या पोकळीत घुमतात. रिकामा पेला कानाशी धरला तरी तसाच घुमारा उठतो. चुणचुणीत मूल लगेच पेला आणून खातरजमा करील; त्याला अडवू नये. “कशावरून?” असे विचारणारे मूल घरात असणे हे भाग्याचे लक्षण आहे, आणि या महिन्याचे हे टिपण त्या ‘कशावरून’साठीच आहे.

सुट्टीत मुलांना समुद्रावर नेणारी घरे थोडी, न नेऊ शकणारी पुष्कळ. दोघांनाही उपयोगी पडेल असे काही येथे सांगावयाचे आहे.

प्रथम जाणाऱ्यांसाठी. समुद्रावर गेलेली बहुतेक मुले समुद्र पाहतात आणि समुद्रातले काहीच पाहत नाहीत. याचे कारण एवढेच की मोठी माणसे आपल्या सोयीने, म्हणजे संध्याकाळी ऊन उतरल्यावर, चौपाटीवर जातात. त्या वेळी भरती असेल तर समुद्राचे अंगण पाण्याखाली झाकलेले असते. अंगण उघडे पडते ते ओहोटीला, आणि ओहोटीची वेळ आपल्या भिंतीवरच्या पंचांगात दडलेली आहे. कोकणातील जुन्या माणसांचा ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ येते. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी साधारण दीड वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरतीच्या अलीकडे-पलीकडे सव्वासहा तासांवर ओहोटी येते. या हिशेबाने द्वितीया-तृतीयेला मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर सकाळी सात ते आठच्या दरम्यान पाणी सर्वांत मागे गेलेले असते. अमावास्या व पौर्णिमा नुकत्याच होऊन गेल्यामुळे ते उधाणाचे दिवस असतात, म्हणून पाणी दूरवर हटते. अष्टमीच्या आसपास मात्र भांगाची भरती-ओहोटी असते. पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. अर्थात हा ठोकताळा झाला. नेमकी वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी, किंवा किनाऱ्यावरील कोळी बांधवांना विचारावी. आदिलाबादेत बसून पंचांगावरून मुंबईच्या पाण्याचा हिशेब करणे हाच मुलांसाठी प्रवासाचा पहिला टप्पा ठरेल.

किनारा पूर्वेचा जवळ असताना पश्चिमेचा का सुचवतो, हेही सांगितले पाहिजे. मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक फरक पडतो. आंध्रच्या किनाऱ्यावर तो बराच कमी असतो. पाणी जितके खाली उतरेल तितके पाहण्याजोगे अधिक. शिवाय आदिलाबादवरून जाणारी नंदीग्राम एक्सप्रेस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते आणि गिरगाव चौपाटी तेथून दूर नाही.

गिरगाव चौपाटीवर पाहण्यासारखे काय असणार, असे कोणी म्हणेल. सन २०१७ मध्ये प्रदीप पाताडे, सिद्धार्थ चक्रवर्ती आणि अभिषेक जमालाबाद यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ नावाचा उपक्रम सुरू केला. ओहोटीच्या वेळी नागरिकांना आणि मुलांना गिरगाव, हाजी अली, जुहू अशा किनाऱ्यांवर हिंडवून तेथील जीव दाखवावयाचे, असा त्याचा साधा क्रम. महानगराच्या त्या गजबजलेल्या, सांडपाण्याने गढुळलेल्या किनाऱ्यावर शेकडो प्रकारच्या जीवांची नोंद झाली. ज्या खडकांकडे पाठ करून मुंबईकर भेळ खात होते, तेथे ऑक्टोपस होते आणि प्रवाळही होते.

आता मुलांनी काय पाहावे? पुळणीवर बारीक बारीक वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसेल. एक इवलासा खेकडा बिळातून बाहेर येतो, वाळूला चिकटलेले अन्नकण खाऊन घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पावलाची चाहूल लागताच तो बिळात जाईल. दोन मिनिटे निश्चल बसले की पुन्हा बाहेर येईल. मुलांना एरवी कोणाच्या सांगण्याने न येणारे स्थैर्य हा खेकडा आणून देतो. खडकांवर, पाणी क्वचितच पोहोचते त्या उंचीवर, चुन्याच्या चिमुकल्या शंकूंसारखे काही चिकटलेले दिसेल. ते दगडाचे अंग वाटते. पण ते बार्नकल नावाचे जीव, खेकड्यांचे दूरचे भाऊबंद. ओहोटीत ते दारे मिटून ओलावा धरून बसतात आणि भरती आली की पिसांसारखे पाय बाहेर काढून पाण्यातले अन्न गाळून घेतात. त्याखाली कालवांचा पट्टा. आणखी खाली, खडकांतल्या डबक्यांत, समुद्रपुष्पे. नावाने फूल, जातीने प्राणी. पाण्यात असता पाकळ्या पसरून बसलेला आणि उघडा पडला की मऊ गोळ्यासारखा मिटलेला. खाडीच्या चिखलात निवटी दिसते. हा मासा परांवर रेटा देत चिखलावरून चालतो आणि ओल्या त्वचेतूनही श्वास घेतो. मासा पाण्याबाहेर तडफडतो, एवढेच पुस्तकातून शिकलेल्या मुलाला ही निवटी मोठा धक्का देते.

वरच्या खडकापासून खालच्या डबक्यापर्यंत बिऱ्हाडे अशी का बदलत जातात, हे मुलांनाच शोधू द्यावे. कोण किती वेळ पाण्याबाहेर तग धरतो, यावर बव्हंशी तो क्रम ठरतो.

आणि येथेच प्रत्येक आईबापापुढे प्रश्न उभा राहतो. मुलाच्या दोन्ही मुठी शिंपल्यांनी भरलेल्या असतात, खिसे ओले असतात, आणि ते विचारते, “हे घरी न्यायचे ना?” एवढ्या दूरवरून एकदाच आलेल्या मुलाला नाही म्हणणे जिवावर येते. तरी नाही म्हणावे. मात्र कारण सांगून म्हणावे.

ते कारण इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका मुलानेच पाहून ठेवले आहे. फिलिप हेन्री गॉस हे १९ व्या शतकातील मोठे निसर्ग-अभ्यासक. १८५४ साली त्यांनी मत्स्यालयावर पुस्तक लिहिले आणि समुद्रजीव काचेच्या पेटीत घालून दिवाणखान्यात ठेवण्याची लाट इंग्लंडभर पसरली. त्यांचा मुलगा एडमंड लहानपणी वडिलांबरोबर डेव्हनच्या खडकांतील डबकी पाहत हिंडे. त्याच एडमंड गॉसने १९०७ साली आपल्या बालपणावर लिहिलेल्या ग्रंथात सांगितले आहे, की संग्रह करणाऱ्यांच्या झुंडींनी ती डबकी ओरबाडून उजाड केली; वडिलांच्या पुस्तकांनीच लोकांना किनाऱ्यावर लोटले होते आणि ते उमगल्यावर वडिलांना फार क्लेश झाले. ज्यांनी ती डबकी लुटली त्यांतील बहुतेकांचे समुद्रावर प्रेमच होते. प्रत्येकाने थोडेच नेले, पण नेणारे फार होते.

रिकामा शिंपला न्यायला काय हरकत आहे, असे मूल म्हणेल. त्याला ओहोटीच्या डबक्यात एक धावणारा शंख दाखवावा. गोगलगाय अशी धावत नाही. तो आत शिरलेला खेकडा असतो. या खेकड्याचे पोट मऊ, कवच नसलेले. ते झाकण्यासाठी तो मेलेल्या गोगलगाईच्या शंखात घर करतो आणि अंगाने वाढला की त्याहून मोठा रिकामा शंख शोधत फिरतो. मोठे घर मिळाले नाही, तर अपुऱ्या घरात अवघडून राहतो आणि शत्रूच्या तोंडी लागतो. आपण उचललेला रिकामा शंख त्याच्या पुढच्या बिऱ्हाडाची जागा असू शकते. भाड्याच्या घरात राहिलेल्या कुटुंबांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

कोकणात मंडणगड तालुक्यातील वेळास गावाचे उदाहरणही मुलांना सांगण्यासारखे आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी तेथील पुळणीत अंडी घालतात. एका घरट्यात साधारण शंभर. पूर्वी ती अंडी काढून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तेथे संरक्षणाचे काम हाती घेतले, गावकरी त्यात सामील झाले, आणि पुढे ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. आता पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला दूरदूरची मुले येतात आणि दोरीच्या अलीकडे उभी राहतात. न शिवता पाहण्यातही आनंद असतो, हे तेथे उपदेशावाचून कळते.

मुंबईतील तो उघडा किनाराही कायम राहील असे धरून चालता येत नाही. सागरी किनारा मार्गासाठी समुद्रात भर घालताना हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळ २०२० मध्ये उचलून दुसरीकडे हलवावे लागले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण प्रवाळांना असल्यामुळे त्यांची निदान दखल तरी घेतली गेली. भोवतालच्या गोगलगायींना आणि समुद्रपुष्पांना तेवढे भाग्य नव्हते. पाहावयाचे ते वेळेवर पाहिले पाहिजे.

जाणाऱ्यांना सावधगिरीच्याही चार गोष्टी. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी वळले की निघावे. भरती पाठीमागून वाट अडवते. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे जीव वाहून येतात. ते मेलेले दिसले तरी त्यांच्या दोऱ्यांचा दंश होतो, म्हणून हात लावू नये. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या भाविकांना पाकट माशांनी दंश केले होते. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेला पाकट आधीच दूर होतो. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख कधीही हातात घेऊ नये. त्या जातीतील काहींचा काटा अत्यंत विषारी असतो. पाहण्यासाठी दगड उलटला तर जसा होता तसा परत ठेवावा. त्याच्या पोटाशी कोणाची अंडी असतील.

आता न जाणाऱ्यांसाठी. त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही, कारण आदिलाबादचा स्वतःचा एक समुद्र आहे. फक्त तो फार जुना आहे. आदिलाबादच्या परिसरात जी चुनखडी सापडते, तिला भूशास्त्रज्ञांनी आपल्या नदीवरून पैनगंगेचेच नाव दिले आहे. सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा आदिलाबादचा कारखाना, जो बंद पडून बरीच वर्षे झाली, याच चुनखडीच्या भरवशावर उभा राहिला होता. ही चुनखडी म्हणजे सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी बसलेला चुन्याचा गाळ. थरांवर थर, वहीच्या पानांसारखे. आपली मुले सायकल चालवतात ती एका समुद्राच्या तळावरून.

हे ऐकले की मुले हातोडी घेऊन शंख शोधायला धावतील. त्यांना शंख मिळणार नाही. तो समुद्र इतका जुना, की त्यात शंख नव्हते, शिंपले नव्हते, मासे नव्हते. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव आणि शेवाळाच्या जातीचे काही, एवढीच तेथील वस्ती. कवच बांधणारे प्राणी जन्माला येण्यास अजून कोट्यवधी वर्षांचा अवकाश होता.

याउलट आपल्याच दक्षिणेस, निर्मळकडील डोंगररांगांत, दगड झालेले शंख खरोखर सापडले. मद्रासच्या सैन्यातील शल्यचिकित्सक जॉन ग्रँट माल्कमसन यांनी १८३० च्या दशकात हैदराबाद-नागपूरच्या वाटेवरील या प्रदेशात ते पाहिले आणि त्यांवर लंडनच्या भूशास्त्र-सभेपुढे निबंध सादर केला. त्यांतील एका शंखाला ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांचे नाव मिळाले. काळ्या पाषाणाचा लाव्हा थरांमागून थर पसरत होता, त्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, दोन लाव्ह्यांच्या मधल्या विसाव्यात येथे तळी साचत. हे शंख त्या तळ्यांतले. म्हणजे ते गोड्या पाण्यातले. समुद्राशी त्यांचा काही संबंध नाही.

किती गमतीची गोष्ट आहे पाहा! शंख सापडला तेथे समुद्र नव्हता आणि समुद्र होता तेथे शंख सापडत नाही. घाईने निष्कर्ष काढणाऱ्याला आदिलाबादची जमीन दोन्हीकडून चकवते. म्हणून आपल्या मुलांना समुद्र दुरावला असला, तरी ‘कशावरून’ शिकण्याची शाळा दाराशीच आहे. इंग्लंडमध्ये लाइम रेजिस गावच्या मेरी ॲनिंगला दुसरी शाळा फारशी लाभलीच नव्हती. सुतारकाम करणारा बाप १८१० साली वारला. मुले कड्यातून पडलेले दगडी शिंपले प्रवाशांना विकून घराला हातभार लावीत. पुढच्या वर्षी भावाला एक प्रचंड कवटी दिसली आणि बारा वर्षांच्या मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा होता. पुढे विद्वान मंडळी तिच्याकडून शिकू लागली.

एक शेवटची गोष्ट, आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांपुरती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आपल्या जिल्ह्याचे तालुके पलीकडे गेले आणि आपण पैनगंगेच्या अलीकडे राहिलो. भाषा घरात टिकली. पण शेत, स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या शब्दांपुरती. पुळण, ओहोटी, उधाण, भांग, कालव, तिसऱ्या, निवटी, पाकट हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडी येण्याचे कारणच घडत नाही. कवडीला शेजारची तेलुगू मुले ‘गव्व’ म्हणतात. आपल्या मुलांना दोन्ही शब्द यावेत, यात मराठीचे नुकसान नाही. मात्र ज्या वस्तूला घरच्या भाषेत नाव नाही, तिच्याविषयी मूल घरी येऊन बोलत नाही.

यासाठी मुलाला एक साधी वही द्यावी. किनाऱ्यावर गेलेल्याने किनाऱ्यावरचे लिहावे, न गेलेल्याने पैनगंगेच्या वाळवंटातले किंवा कडम नदीच्या खडकांतले. शिंपला तेथेच ठेवावा आणि त्याचे चित्र वहीत आणावे. चित्राखाली तिथी आणि जागा लिहावी, आणि दोन प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहावीत: हे कोणाचे घर? आणि हे कशावरून? पहिल्याचे उत्तर पुष्कळदा चुकेल. दुसऱ्याचे प्रामाणिकपणे लिहिले असेल, तर पहिले आज ना उद्या दुरुस्त होईल.